वर अडणारं इंजिन

आबा, गाडीला नवीन इंजिन बसवलं. तेच सांगायला बसले आहे. त्यात कागद भरण्यासारखं काय आहे असं तुम्ही म्हणाल, कारण लिहीत बसणं हे तुम्हाला रिकामटेकड्यांचं काम वाटायचं. पण आहे लिहिण्यासारखं. जाताना तुम्ही माझ्या नावावर एक गोष्ट लावून गेलात, की गाडीचं इंजिन पोरीनं खराब केलं. इतकी वर्षं मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. आता जुन्याच्या जागी कुठलं इंजिन बसेल ते शोधायला निघाले आणि तो विषय पुन्हा उघडला. उघडला आहे तर तुमच्याशी बोलल्याशिवाय तो मिटायचा कसा?

झालं असं, की या वर्षी आपली सुरतेतली बमरोलीची खोली काढून टाकली. माय आता माझ्याकडे पांडेसऱ्याला असते. गुडघे गेलेत तिचे, पण तोंड शाबूत आहे. खोली रिकामी करताना माळ्यावरचं सगळं खाली घेतलं: फुटका पंखा, लग्नातली पितळी घागर, माझ्या शाळेच्या वह्या आणि गोणपाटात गुंडाळलेली तुमची रिमोटवर पळणारी हातभर गाडी. चारही टायरांना भेगा, वरचं निळं झाकण फिकट होऊन पांढरं पडलेलं, आणि इंजिन असं चिकटलेलं की दोरी जागची हलत नव्हती. माय दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. ‘हाई बी दी टाक,’ ती म्हणाली. भंगारवाल्यानं गाडी एका टायरला धरून उचलली, तशी तीच ओरडली, ‘ठेव तठे.’ तो बिचारा गोंधळला, मीही गोंधळले. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘मले एकदाव चालती देखनी शे. तू बिघाडी, तूच नीट कर.’

आता बघा. तुमचे कपडे धुऊन धुऊन गाडीच्या इंधनातल्या एरंडेलाच्या वासाला विटलेली ही बाई, हिनं ती गाडी चालताना एकदाही पाहिली नव्हती. रविवारी मैदानात तुम्ही असायचात, ज्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, तुम्ही लूम दुरुस्त करायचात तिथले तुमचे दोन मित्र असायचे आणि मी. ती घरी कळण्याच्या भाकरी थापत असायची. आपण परत आलो की तिच्या पुढ्यात यायचे ते काळे हात आणि ताटं वाढ म्हणून घाई. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे तिथंच उंबऱ्यात मी हो म्हणाले. ‘तू बिघाडी’ हे मात्र टोचलं, नेहमीसारखंच.

गाडी आली तो दिवस मला नीट आठवतो. दिवाळीची सुट्टी लागायची आहे, खात्यातले लूम एकेक करून थांबताहेत, आणि मी तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे. लूम थांबले की तुमचा आवाज एकदम मोठा वाटायचा, कारण तुम्हाला ओरडून बोलायचीच सवय. शेठ तुम्हाला बोलावतात. त्यांचा भाचा परदेशातून आला होता, येताना ही गाडी खोक्यासकट घेऊन आला होता. गच्चीवर दोन दिवस दोरी ओढत बसला, इंजिन काही फिरेना, तेव्हा ‘माल खराब नीकळ्यो’ म्हणून इथंच टाकून गेला. शेठ म्हणाले, ‘मास्टर, तमे जोई लो ने. चाले तो तमारी.’ तुम्ही त्या खोक्याकडे बघितलंत आणि तुमचा चेहरा पार बदलला. डबा माझ्या हातातच राहिला. लूम बिघडला की तुम्हाला शोधत सगळेच यायचे, पण तुम्हाला म्हणून कोणी काही दिलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

खेळणं म्हणावं तर ते खेळणं नव्हतं. मुठीएवढं का होईना, खरं इंजिन होतं. खरं इंधन पिणारं, धूर सोडणारं, आणि हातातल्या रिमोटवर गाडीला मैदानभर पळवणारं. घरी आल्या आल्या तुम्ही ओट्यावर पोतं अंथरलंत आणि इंजिनाची दोरी ओढलीत. अर्धी आली आणि अडली. परत ओढलीत, परत तिथंच. मला जवळ बोलावून म्हणालात, ‘आठे अडस देख. वर उनं का धरस.’ म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला आला की जाम होतो. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी नंतर माझ्या हाताखालच्या लोकांना पण सांगत आले, की अडणारी वस्तू चालणार कशी? आधी मोकळी करायची, मग पुढचं.

तुम्ही इंजिन उघडलंत. पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, तुम्ही तिला लायनर म्हणायचात, ती बाहेर काढलीत. व्हॉल्व्ह घासायच्या करड्या पेस्टची डबी आणलीत, पिस्टनला ती पेस्ट लावलीत आणि लायनरमध्ये घालून दोन तळव्यांत रवी फिरवावी तशी फिरवायला लागलात. मी शेजारी बसून बघतेय. थोड्या थोड्या वेळानं तुम्ही धुऊन बघताय, बोटानं ढकलून बघताय, मान हलवून परत घासताय. दिवे लागेपर्यंत पिस्टन सरसर वरखाली व्हायला लागला. सगळं परत जोडलंत आणि दोरी माझ्या हातात दिलीत. दोन बोटांनी ओढली तरी येत होती. परदेशातून आलेला माल, शेठच्या भाच्यानं हात टेकले आणि माझ्या बापानं एका संध्याकाळीत मोकळा केला. सुरतेत तुमच्याहून हुशार माणूस नाही, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

इंधनाचंही तुम्ही जमवलंत. पांडेसऱ्याच्या केमिकलवाल्याकडून मेथॅनॉल आणलंत, आणि त्यात घालायला मायच्या फडताळातलं एरंडेल. ते तिनं कोणाच्या तरी बाळंतपणासाठी ठेवलं होतं. तिनं तुम्हाला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. मग पहिला रविवार आला. मिलच्या मागचं मैदान, कडेला बाभळी, पलीकडे पडकी भिंत. गाडी सुटली तेव्हा तुमचे मित्र ‘ए भाऊ, ए भाऊ’ करत मागे सरले. भिंतीपर्यंत ती छान गेली. तिथं वळताना खोकली आणि गप्प झाली. तुम्ही पाण्याची बाटली आणि ओलं फडकं घेऊन निघालात, तुमच्यामागे मी. फडकं इंजिनावर ठेवलंत, वाफ आली, थोडं थांबून दोरी ओढलीत आणि गाडी परत चालू. अर्ध्या वाटेत पुन्हा बंद. ‘पुढच्या रविवारी पुरा गोल मारेल,’ तुम्ही म्हणालात. पुढच्या रविवारी ती परत भिंतीपाशी बंद पडली. प्लग बदललात, इंधन कमीजास्त केलंत, हवेचा स्क्रू पीळ पीळ पिळलात. पुरा गोल तिनं कधी मारलाच नाही.

पण आबा, एक गोष्ट खरी सांगते. मला ती बंद पडलेली आवडायची. खात्यात तुमच्याशी बोलता यायचं नाही, कानठळ्या बसायच्या. घरी तुम्ही जेवायचात आणि झोपायचात. तुमचं माझं बोलणं व्हायचं ते त्या मैदानाच्या या टोकापासून भिंतीपर्यंत जाताना आणि गाडी उचलून परत येताना. गाडी तुम्ही चाकं वर करून छातीशी धरायचात, बनियनला डाग पडायचा, आणि बोलत बोलत यायचात. लूमचा आवाज पायाच्या तळव्याला कसा कळतो ते तुम्ही मला तिथं सांगितलंत. गाव कशासाठी सोडलं ते तिथं सांगितलंत. आणि दहावी झाली की आयटीआयला जा, फिटरचं शिक, मुली नसल्या तरी जा, हेही तिथंच म्हणालात. घरात म्हणाला असतात तर मायनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं. मी ते कोणाला बोलले नाही आणि वेळ आली तेव्हा फॉर्म भरून आले.

मग तो रविवार. गाडी एव्हाना भिंतीपर्यंतही जात नव्हती. त्या आठवड्यात तुम्ही मला हवेचा फिल्टर धुवायला सांगितला होतात. स्पंजाचा तो, धुळीनं काळा झालेला. मी साबणानं स्वच्छ धुतला, वाळवला आणि बसवला. धुतल्यावर त्याला तेलात भिजवायचं असतं, नाहीतर तो धूळ अडवत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मैदानात तुम्ही तो काढून बोटानं दाबलात, कोरडा. आणि दोघा मित्रांसमोर म्हणालात, ‘हिनं धूळ खाऊ घातली मशीनला. जीव घेतला तिचा.’ ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खात्यात ओरडायचात, पण हे अगदी हळू बोललात. त्यानंतर रिमोट माझ्या हातात दिला नाहीत. गाडी गोणपाटात गेली. आणि थोड्याच महिन्यांत खात्यात चहा पिताना तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. त्यामुळे ते वाक्य तिथंच राहिलं. मायनं ते उचललं आणि घरात काहीही मोडलं की तिला तेच आठवायचं: हिनं बापाची गाडी खाल्ली.

आता इंजिनाकडे येते. तुमच्या जावयांचं म्हणणं पडलं, त्यांना तुम्ही पाहिलं नाही, स्वभावानं शांत आहेत, की इंजिन कशाला, बॅटरीची मोटर बसव. धूर नाही, वास नाही, दोरी ओढायला नको. हल्ली सगळे तेच करतात. बोलणं बरोबर होतं, पण मला पटलं नाही. मायला गाडी बघायची आहे ती तुमची. आवाज आणि वास काढून घेतला तर मग उरतात नुसती चार चाकं, ती तर बाजारात कोणतीही मिळतील. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं, मग कर तुला काय करायचं ते, आणि पेपर वाचायला लागले.

कामरेजच्या पुढे हायवेला लागून एका माणसाचं शेत आहे. प्लॅस्टिकचे साचे करण्याचा त्याचा धंदा, पण शेताच्या एका तुकड्यात त्यानं अशा गाड्या पळवायला मोकळी जागा करून ठेवली आहे. रविवारी तिथं हौशी लोक जमतात. मी गाडी घेऊन गेले. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, वास घेतला आणि हसला. ‘बेन, आ तो बहु जूनुं छे. आ एन्जिन हवे नथी मळतुं.’ हे इंजिन आता मिळत नाही म्हणे. मग त्याचा सल्ला, की मोठं बसवा, गाडी उडेल. मला लगेच तुमचं बोलणं आठवलं. शेठनं एकदा एका लूमला मोठी मोटर लावायला सांगितली होती, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कापड जास्त निघणार नाही, मोडतोड जास्त निघेल. इथंही तेच. मोठं इंजिन बसवलं तर आतली दातेरी चाकं पहिल्याच दिवशी बोडकी होणार, आणि ती चाकंही आता मिळत नाहीत. मी म्हटलं, भाई, जेवढं होतं तेवढंच पाहिजे.

आकार एक असून भागत नाही, हे मला तिथंच कळलं. इंजिनातून बाहेर येणारा दांडा तेवढाच लांब हवा, नाहीतर क्लच बसत नाही. खाली बोल्टची भोकं जुळायला हवीत. धूर बाजूनं निघतो की मागून, ते जुळायला हवं, नाहीतर नळी टाकीला घासते. आणि दोरी हवी, कारण दोरी नसलेल्या इंजिनाला वेगळी पेटी लागते चालू करायला, ती मी कुठं वागवत बसू? तुम्ही सूत आणि बोटं यांवर मापं घ्यायचात. मी कारखान्यातला व्हर्नियर घेऊन गेले होते. मी आता भरतकामाच्या मशिनींची देखभाल बघते आबा, आठ माणसं हाताखाली आहेत, त्यातले सहा माझ्याहून वयानं मोठे. त्या माणसानं मापं लिहून घेतली आणि आठवडाभरात फोन केला. त्याच्या एका मित्राच्या कपाटात तसंच एक इंजिन न वापरता पडून होतं. मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

दुपारची वेळ, कुकर होतोय, माय स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलतेय, आणि मी ओट्यावर कागद पसरून नवीन इंजिन ठेवलंय. दोरी ओढली. अर्धी आली आणि अडली. परत ओढली, परत तिथंच. वर आलं की धरतंय. माझा हात पहिल्यांदा कुठे गेला सांगू? कारखान्याच्या पिशवीकडे. पेस्टची डबी माझ्याकडेही असते. झाकण काढलंसुद्धा होतं. मग वाटलं, आधी त्या माणसाला चार शब्द ऐकवू, मग घासू. फोन लावला आणि म्हटलं, भाई, माल खराब निघाला तुमचा, वर अडतो. तो हसायलाच लागला. ‘बेन, अडवुं ज जोईए. ठंडुं होय त्यारे अडे, गरम थाय एटले छूटे.’ थंड असताना अडलंच पाहिजे, गरम झालं की सुटतं.

मग त्यानं नीट समजावलं. लायनर वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद करतात. इंजिन तापलं की तो फुगतो आणि तेव्हा कुठे पिस्टनला बरोबर बसतो. थंड असताना मोकळा केला तर तापल्यावर फट पडते, आतला दाब निसटतो आणि इंजिन बंद. मग पाणी टाकून गार करावं, की परत चालू, परत तापलं की परत बंद. ‘पाणी टाकून’ म्हटल्यावर मला तुमचं मैदानातलं ओलं फडकं दिसलं. त्याला विचारलं, आणि धूळ गेली असेल तर? तो म्हणाला, धूळ गेली तर आत उभ्या रेघा पडतात, नखाला लागतात, बघून घ्या. मी फोन ठेवला आणि पेस्टच्या डबीचं झाकण घट्ट लावलं.

जुनं इंजिन उघडत नव्हतं. तुमचं एरंडेल आत गोंद होऊन बसलं होतं. मी ते तव्यावर ठेवलं, बारीक गॅसवर. थोड्या वेळात तो वास घरभर सुटला. मायनं लसूण सोलायचं थांबवलं, नाक पुसलं, आणि मग म्हणाली, ‘मन्हा तवावर काय शे हाई?’ मी फडक्यात धरून इंजिन उघडलं. लायनर हातात उभा धरला आणि खालून पिस्टन सारला, तो कुठेही न अडता वरून बाहेर आला आणि ओट्यावर पडला. बॅटरी मारून आत बघितलं. सगळीकडे करडं, गोल गोल घासलेलं, रवी फिरवल्यासारखं. उभ्या रेघा दोन-तीन आहेत. त्या माझ्या, मी नाकारत नाही. बाकीचं सगळं तुमचं आहे आबा. इंजिन खराब नव्हतंच. शेठच्या भाच्याला तापवून दोरी ओढायचं माहीत नव्हतं, आणि तुम्ही चांगलं इंजिन एका संध्याकाळीत ओट्यावर बसून मारलंत. मी शेजारी बसून बघत होते.

राग आला. फार आला. त्या दिवशी वरणात मीठ घालायचं राहिलं. माझ्या हातून काही मोडलं की इतकी वर्षं माझ्या कानात तो तुमचा हळू आवाज यायचा. नोकरीत पहिल्या वर्षी मी एकही मशीन दुसऱ्यानं तपासल्याशिवाय चालू केली नाही, लोक हसायचे. आणि ते कशासाठी? एका स्पंजासाठी. चार दिवस मी मनात तुमच्याशी भांडले. पण भांडताना दरवेळी ती डबी आडवी यायची. मीही झाकण काढलं होतं ना. फोन करायचं सुचलं नसतं तर हे दुसरं इंजिनही मी तसंच मोकळं केलं असतं आणि भिंतीपाशी बंद पडलं की फिल्टरला शिव्या दिल्या असत्या. लूमवर काय, आडवा धागा नेणारा धोटा अडला की कापड फाटतं, सगळा ताणा तुटतो, मालक बोंबलतो. जे अडतं ते घासायचं, सैल करायचं, तेल द्यायचं. तुम्ही आयुष्यभर तेच केलंत, मला तेच शिकवलंत. अडणं हेच एखाद्या वस्तूचं काम असू शकतं, हे तुम्हाला सांगणारं तेव्हा कामरेजला कोणी नव्हतं. म्हणून राग गेला असं नाही. थोडा आहे अजून. असू दे.

मी मायला सांगितलं. दोन्ही लायनर तिच्या मांडीवर ठेवले, पिस्टन तिच्या हातानं सारायला लावले. जुना सरकन गेला, नवा वर अडला. ‘मंग?’ ती म्हणाली. मी म्हटलं, मग म्हणजे मी नाही बिघडवली. आबांनी घासून सैल केलं, म्हणून ती बंद पडायची. तिनं दोन्ही लायनर परत माझ्या हातात दिले आणि पदरानं बोटं पुसली. ‘जे माणूस नही, तेस्नावर काय ढकली राहिनी? तेस्ना हात कधी चुकना नही. तूच काहीतरी करं व्हई.’ झालं, निकाल लागला. मी पुरावा मांडला, समजावलं, आवाज चढवला. ती लसणीच्या पाकळ्या मोजल्यासारख्या वाटीत टाकत राहिली. मला चीड आली, आणि बघता बघता तिचं बरोबरही वाटलं. तुमच्या हाताला चूक नव्हती, एवढंच तिच्याकडे तुमचं उरलं आहे. मी तर समोर आहे, माझ्यावर दोन शब्द जास्त पडले तरी मी तिला चहा करून देणारच आहे.

इंजिन बसवलं. गच्चीवर केस वाळवायच्या मशीननं ते गरम केलं आणि मग दोरी ओढली, तेव्हा ते वर अडलं नाही, जोर लागला पण सुटलं. आधी हळूहळू चालवून तयार केलं, जसं त्या माणसानं सांगितलं होतं तसं. इंधन तयार मिळतं आता, पण मी त्यात थोडं एरंडेल घातलंच. फिल्टर धुतला, तेलात भिजवला, दाबून बघितला, परत भिजवला. मग एका रविवारी सकाळी रिक्षा करून मायला कामरेजला नेलं. बमरोलीच्या आपल्या मैदानावर आता शेड उभ्या आहेत. शेताच्या कडेला लिंबाखाली तिच्यासाठी खुर्ची मांडली, डोक्यावर पदर घेऊन ती बसली. पलीकडच्या टोकाला ऊस होता, आपली भिंत होती साधारण तेवढ्याच लांब.

गाडी सुटली. उसापर्यंत गेली, वळली, आणि खोकली नाही. तशीच धूर सोडत परत आली आणि मायच्या खुर्चीसमोरून निघून गेली. पुरा गोल झाला आबा. ज्याची आपण इतके रविवार वाट पाहिली तो एवढ्यात झालासुद्धा. माय वास घेत बसली होती. दुसरा गोल झाला तेव्हा तिनं मला विचारलं, ‘बंद नही पडत का हाई आते?’ मी म्हटलं, नाही पडत. ‘मंग तेस्ले कशाले एवढा येळ लागे घरी येवाले?’ ती म्हणाली. तिला वाटायचं, तुम्ही मैदानात रमता. तुम्ही चालत असायचात, माझ्याबरोबर.

तिसऱ्या गोलाला गाडी उसापाशी पोहोचली आणि रिमोटवर एक बारीक कळ असते, ती मी अंगठ्यानं खाली ओढली. ती पूर्ण खाली ओढली की हवा कोंडते आणि इंजिन थांबतं. थांबलं. शेतात एकदम शांतता झाली. मागून मायचा आवाज आला, चांगला खणखणीत, ‘पडनी ना बंद? मी सांगं व्हतं ना, तुन्हा हातच तसा शे.’ मी वळून बघितलं तर ती हसत होती. तुम्ही गेल्यापासून ती तोंडभरून हसलेली मी फारशी पाहिलेली नाही. ‘जाय, गाडी लई ये,’ ती म्हणाली. मी पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन निघाले. दोन्हींची काही गरज नव्हती. जाताना मी तुम्हाला बरंच काही सांगितलं, कारखान्यातलं, घरातलं, आणि परत येताना गाडी चाकं वर करून छातीशी धरली. ओढणीला डाग पडला. चालणं संपलं तरी बोलायचं थोडं उरलं होतं, ते हे लिहिलं. पाठवायला पत्ता कुठला आणि वाचून दाखवावं तर मायला दाखवून चालणार नाही. कारण गाडी बंद पडली नव्हती, मीच पाडली होती, हे मी तिला सांगितलेलं नाही. खुर्चीपाशी पोहोचले तेव्हा ती अजून हसत होती, म्हणून ‘हो माय, माझ्याच हातून पडली,’ एवढंच म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.